काकाजी, पुस्तकांचं दुकान जामलाच का?

काकाजी,

तुमची तेरवी आटोपली आणि तुमच्या मनोजभाऊंनी शटरच्या बाजूला पुठ्ठ्याची पाटी टांगली : 'दुकान बंद करणे आहे.' त्यानंतर जेवढी माणसं दुकानात आली, तेवढी मागच्या वर्षभरात आली नसतील. पुस्तकं घ्यायला कोणी आलं नव्हतं, सगळे 'का' विचारायला आले होते. "काऊन बंद करून राह्यले?" संत्रेवाले आले, शेजारचा पंक्चरवाला आला, समुद्रपूरच्या कॉलेजातल्या दोन मुली स्कूटी उभी करून आल्या. प्रत्येकाच्या तोंडात तुमचाच शब्द. काऊन. तुम्ही असता तर गल्ल्यावरून उठून एकेकाला स्टूल दिलं असतं आणि उलटं विचारलं असतं, "पहिले हे सांगा, तुम्ही काऊन इचारून राह्यले?"

मी सगळ्यांना सांगत होते, काकाजी गेले. एक जण म्हणाला, "मंग बरोबर हाय. त्यायच्याबिगर हे दुकान समजणार कोणाले?" मला समजतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि थांबले. खरंच समजतं का? दुकान बंद का होतंय ते मी कोणालाही सांगू शकते. उड्डाणपूल झाला, लांबच्या गाड्या वरून जायला लागल्या, आणि आता तुम्ही गेलात. पण ते उघडलं का होतं? जामला? हायवेच्या चौरस्त्यावर माणूस उतरतो तो चहा प्यायला, संत्री घ्यायला, नाहीतर लघवीला. तिथे पुस्तकांचं दुकान कोण टाकतं? हे मला तुमच्याकडून शेवटपर्यंत नीट कळलं नाही. मी विचारलं नव्हतं असंही नाही. पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

तेव्हा मी लग्न होऊन नुकतीच अल्लीपूरहून समुद्रपूरला आले होते. माहेरून परत येताना जामला गाडी बदलायची होती आणि पुढची गाडी काही येत नव्हती. ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. समोर पाटी दिसली, 'फुरसत पुस्तक भांडार'. मला हसूच आलं. जिथे गाडी चहापुरती थांबते, तिथे फुरसत! मी पुस्तकासाठी नाही, सावलीसाठी आत आले आहे, हे तुम्ही लगेच ओळखलंत आणि माठाकडे बोट दाखवलंत. पाणी पिऊन मी विचारलं, "काकाजी, हे दुकान चालते का इथं?"

"चालत नाई," तुम्ही म्हणालात. "बसलं हाय. पाहून राह्यली ना?"

"मंग इथं काऊन टाकलं?"

तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून माझ्याकडे पाहिलंत. "बापाची जागा होती." आणि लगेच, "तू काय करतं?"

"बी. ए. झालं. आता घरीच."

"उद्यापासून येजो. पाणी पेल्यावर उठून जात नाई, काऊन इचारते, थो माणूस कामाचा असते."

मला वाटलं म्हातारा गंमत करतो आहे. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सोबत घेऊन आले, तर तुम्ही माझ्यासाठी आधीच दुसरी खुर्ची आणून ठेवली होती.

'बापाची जागा होती' हे उत्तर मी खरं धरून चालले होते. मग एकदा नागपूरचा पुस्तकांचा एजंट आला आणि त्यानंही तेच विचारलं. त्याला तुम्ही म्हणालात, "नागपूरले तुमच्यासारखे लय हायत, इथं मी एकटाच." एका ड्रायव्हरला सांगितलंत, "तुह्यासाठीच टाकलं बाबू, तू रोज थांबतं ना." शाळेच्या एका मास्तरांना सांगितलंत की इथे चारही बाजूंनी रस्ते येतात, पुस्तकाला कोणतीही दिशा चालते. मास्तर खूश झाले. मी मागच्या मांडणीवर पुस्तकं लावत ऐकत होते. चार माणसांना चार उत्तरं, आणि चारही वेळा तुमचा चेहरा इतका सरळ की कोणतं खोटं आहे ते कळू नये. तुम्ही खोटं बोलत होता असं मला कधी वाटलं नाही, काकाजी. फक्त त्या चारांच्या मागे एक पाचवं उत्तर आहे, असं वाटत राहिलं.

तुम्हाला स्वतःला मात्र सगळ्यांची पाचवी उत्तरं हवी असत. गाडी थांबली की तुम्ही दारात जाऊन उभे. "वनिता, थो निळा शर्टवाला पाय. काय घेईन?" मी म्हणायचे पंचांग. तुम्ही म्हणायचे, नाही, स्पर्धा परीक्षेचं, बूट पाहा त्याचे. मग तो माणूस आत येऊन बॉलपेन घेऊन जायचा आणि आपण दोघंही हरायचो. एकदा एक सरदारजी ट्रक उभा करून आला. मराठी येत नव्हतं, वाचता तर मुळीच येत नव्हतं. त्यानं सगळी मांडणी पाहिली आणि लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक घेतलं, पक्ष्यांचं. तुम्ही हिंदीत विचारलंत, घरी लहान पोरं आहेत का? तो म्हणाला, "नहीं जी, मेरे लिए. रास्ते में जो दिखते हैं, उनका नाम तो पता चले." नावं मराठीत होती. तुम्ही त्याला आत बोलावून स्टुलावर बसवलंत आणि एकेका चित्राखाली हिंदीत नाव लिहून दिलंत. तुम्हाला हिंदीत नाव माहीत नसलेला एक पक्षी निघाला तेव्हा पंक्चरवाल्याला हाक मारलीत, चहावाल्याला हाक मारलीत, आणि दुकानात वाद जुंपला. ट्रक बाहेर धडधडत उभा. त्या दिवशी दुकान बंद करताना तुम्ही इतके आनंदात होता की मी विचारलं, "एका पुस्तकात एवढं काय कमावलं?" तुम्ही कुलूप लावलंत आणि त्या पक्ष्याचं नाव पुटपुटत घरी गेलात.

पण सगळ्यांना तुमचं विचारणं आवडायचं नाही. कायद्याचं पुस्तक मागणारी एक बाई तुमच्या 'कोणासाठी?'वर अशी फाटकन बोलली होती, "तुम्हाले काय कराचं हाय?" तुम्ही कान पकडलेत, ती निघून गेली. त्या दुपारी आपलं पहिलं खरं भांडण झालं. मी म्हटलं, माणूस काय घेतो ते पाहा, काऊन घेतो ते कशाला विचारता? दुकानदारानं विचारू नये.

"मंग मी दुकान कायले टाकलं?" तुम्ही म्हणालात.

हे तुम्ही रागात बोलून गेलात. मला तेव्हा वाटलं, सापडलं. हेच ते पाचवं उत्तर. आता मला माहीत आहे की त्याच्याही खाली आणखी काही होतं.

जेवणाची एक गोष्ट विचारायची राहून गेली. पहिल्या आठवड्यात आपण दुपारी डबे उघडले. मी माझा डबा थोडा बाजूला घेऊन बसले होते. आमच्या घरी शिकवलेलं नसतं, पण अंगात असतं ते. समोरचा काय करतो ते आधी पाहायचं. तुम्ही बोलता बोलता हात लांबवून माझ्या डब्यातली जवसाची चटणी बोटानं उचललीत, भाकरीला लावलीत, आणि कापसाच्या भावाबद्दल बोलतच राहिलात. चटणी तिखट होती, ठसका लागला, तेवढंच. काकाजी, ते तुम्ही मुद्दाम केलं होतं, की तुमच्या लक्षातच आलं नव्हतं? दोन्हींपैकी मला काय जास्त आवडेल हे मी पुष्कळ दिवस ठरवत होते. अजून ठरलेलं नाही.

आणि दसऱ्याचं. तुमच्याकडे दसऱ्याला दुकानाची पूजा करून शटर ओढायची पद्धत. मी म्हटलं, काकाजी, त्याच दिवशी आमची माणसं दीक्षाभूमीवरून परत येतात, चंद्रपूरकडच्या सगळ्या गाड्या जामला थांबतात, उघडं ठेवू. तुम्ही म्हणालात, "त्यायनं तथीच पुस्तकं घेतली असतीन ना. जेवलेला माणूस हॉटेलात कायले येईन?" मी म्हटलं, पाहून घ्या. तुम्ही पूजा केलीत, शटरला हार घातलात आणि ते अर्धं वर ठेवलंत. 'पाहून घ्या' म्हटलं की तुम्हाला राहवायचं नाही, हे मला तोपर्यंत कळलं होतं. संध्याकाळी गाड्या आल्या. विक्री बेताचीच झाली, तुमचं खरं होतं. पण गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पुस्तकांची पिशवी होती. बायका, म्हातारे, कडेवर पोरं घेतलेले बाप. तुम्ही गल्ला सोडून पायरीवर जाऊन बसलात आणि एकेकाला म्हणू लागलात, "काय घेतलं, पाहू द्या ना." कोणी पिशव्या लपवल्या नाहीत. वरोऱ्याकडच्या एका म्हाताऱ्यानं एक पातळसं पुस्तक काढून दाखवलं आणि सांगितलं, हे मी दरवर्षी घेतो. दरवर्षी तेच का? तर वर्षभरात कोणीतरी वाचायला नेतं आणि परत देत नाही. "मागत नाई का मंग?" तुम्ही विचारलंत. म्हातारा म्हणाला, "मांगतलं तं थो वाचणं बंद करन." तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत. तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला होता, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. शाळेत नवीन मुलगा आल्यावर बाकीची मुलं पाहतात, तसा. त्यानंतर एकाही दसऱ्याला तुम्ही शटर ओढलं नाहीत. पूजा मात्र सोडली नाहीत.

मग पूल झाला.

आधी आपल्याला कळलंच नाही. लोकल गाड्या खालून येत होत्या, चहावाल्याकडे गर्दी होती. हळूहळू लक्षात आलं की नागपूर-चंद्रपूरच्या मोठ्या गाड्या डोक्यावरून जातात आणि फक्त त्यांचा आवाज खाली येतो. तुम्ही दारात उभं राहून वर पाहायचे. एक दिवस म्हणालात, "वरून आपली पाटी दिसते का?" मी म्हटलं, कोण सांगणार? तुम्ही म्हणालात, "तूच जाऊन पाहून ये." आणि खरंच मला हिंगणघाटला पाठवलंत, तिथून नागपूरच्या गाडीत बसायला लावलंत. मी खिडकीला नाक लावून बसले. गाडी पुलावर चढली, कडूनिंबाचा शेंडा गेला, चहावाल्याचं पत्र्याचं छप्पर गेलं. आपलं छप्पर त्यातलं कोणतं, हेही कळेना. पाटी दिसली नाही. पण रस्त्याच्या मधोमध पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस दोन्ही हातांनी पिवळं पुस्तक हलवत उभा होता, आणि एक टेम्पोवाला त्याच्यावर हॉर्न वाजवत होता.

परत येऊन सांगितलं, "पाटी नाई दिसत. तुम्ही दिसता."

"मंग रोज उभं राहू का?" म्हणालात, आणि हसलात. त्या हसण्यात पहिल्यांदा मला तुमचं वय ऐकू आलं.

म्हणूनच मी आठवडी बाजाराचं काढलं. गाडी थांबत नाही तर आपण जाऊ. समुद्रपूरचा बाजार, गिरडचा, मांडगावचा. एक टेबल मांडू, वर छत्री लावू. मला वाटलं होतं तुम्ही लगेच टोपी घालाल. तुम्ही एकदम कडक झालात. "पुस्तक बाजारात जाणार नाई." मी म्हटलं, भुईवर नाही ठेवणार, टेबल नेऊ. "नाई म्हटलं ना." काऊन, विचारलं. इतक्या वर्षांत त्या शब्दावर तुम्ही एकदाच उत्तर दिलं नाही, ते तेव्हा. उलट ओरडलात. बाहेर पंक्चरवाल्यानं मान वर करून पाहिलं. मी दोन-तीन दिवस तुमच्याशी कामापुरतीच बोलले. तुम्ही गुपचूप माझ्या बाजूला संत्री ठेवत होता. मी खात होते, पण बोलत नव्हते. वाद तसाच राहिला आणि तुमच्या छातीत दुखायला लागलं.

दवाखान्यातून तुमचा फोन आला तेव्हा आवाज चांगला होता. "आज कोण आलतं?" तुमचा रोजचा प्रश्न. मी सांगितलं, एक बाई आली होती, एकाच गोष्टीच्या पुस्तकाच्या दोन प्रती घेऊन गेली. "दोन? काऊन?" तुम्ही म्हणालात, आणि फोन कटला. मी परत लावला तो काकूंनी घेतला, डॉक्टर तुम्हाला बोलू देत नव्हते. पुढचा फोन मनोजभाऊंचा आला.

तर ते सांगून टाकते. त्या बाईची बहीण तिकडे वर्ध्याला पिपरी मेघेत राहते. दोघी एकच पुस्तक घेतात, रोज थोडं थोडं वाचतात आणि फोनवर बोलतात. नाहीतर, ती म्हणाली, बहिणी-बहिणींचं बोलणं सासू आणि स्वयंपाक एवढ्यावरच संपतं. मी तुमच्यासाठी म्हणून तिला मुद्दाम विचारलं होतं, काकाजी. दुकानदारानं विचारू नये, असं म्हणणारी मी.

मनोजभाऊंबद्दल तुमच्या मनात काही राहू देऊ नका. त्यांचं हिंगणघाटचं बी-बियाण्याचं दुकान आणि हे, दोन्ही होणार नाही. मांडणीसमोर उभे राहून ते मला म्हणाले, "वनिताताई, मले यातलं काई समजत नाई. बाबानं गिऱ्हाइकाले एवढं इचारलं, मले कधी नाई इचारलं, तू काय वाचतं म्हणून." आणि मग पाठ फिरवून बराच वेळ एक पुस्तक चाळत राहिले. ते उलटं धरलं होतं. उरलेला माल रद्दीवाल्याला द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, आधी बाजारात नेऊन पाहू का? ते म्हणाले, "न्या ना ताई. इचारता काय?"

म्हणजे वादाचा निकाल मी तुमच्या मागे, तुमच्या परवानगीशिवाय लावला. राग आला असेल तर येऊ द्या. पण पुढचं ऐका.

समुद्रपूरच्या बाजारात मला जागा मिळाली ती कंगवे-रिबिनी विकणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या बाजूला. दौलतराव नाव. दात गेलेले, आवाज शाबूत. सकाळपासून कोणी पुस्तकाला हात लावला नव्हता. लोक टेबलापाशी येत, वाचनाचा काही कार्यक्रम आहे का असं पाहत आणि पुढे जात. दौलतरावांनी विचारलं, "कोणाचा माल हाय हा?" मी सांगितलं, जामचे वसंतराव, फुरसतवाले. तर ते माझ्याकडे पाहतच राहिले.

"वसंता? अवं, त्याचा बाप अन् मी जोडीनं बसत होतो बाजारात. हेच कंगवे, हेच आरसे."

तुमचे वडील बाजार करायचे? मला वाटलं जामच्या जागेवर त्यांचं किराणा दुकान वगैरे असेल. तुम्ही कधी म्हणाला नाहीत.

दौलतरावांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगते. "तवा जामच्या फाट्यावर बी बाजार भरे. वसंताले मिसरूड फुटलं होतं नुकतंच. बापाच्या मांगं बसे अन् पुस्तक वाचे. एक दिवस गाडी थांबली, एक बाई उतरली, शहरातली. कंगवा पाहता पाहता तिले ते पुस्तक दिसलं. म्हणे, हे केवढ्याले? वसंता म्हणे, हे इकाचं नाई. बापानं हातातून हिसकलं अन् देऊन टाकलं. म्हणे, दुकानात जे हाय ते इकाले हाय. बाई गाडीत बसली, गाडी सुटली. अन् हा पोट्टा गाडीमांगं धावून राह्यला! आमाले वाटलं, पुस्तक वापस मांगते का काय. तं हा खिडकीपाशी धावता धावता वरडून राह्यला, 'बाई, शेवटी काय होते तेवढं पाहून सांगा! शेवटी काय होते?'"

दौलतराव हसता हसता खोकायला लागले. मी त्यांना पाणी दिलं.

"मंग? सांगितलं बाईनं?"

"तिनं पुस्तक उघडलं बी, पानं पलटवली बी. पण गाडी कोणाची थांबते? आमी समदे हासून हासून लोळलो. मंग काय, नावच पडलं त्याचं. कोणत्या बी बाजारात गेला का लोकं म्हणत, काय वसंता, शेवटी काय होते? लय वर्सं म्हणत होते. त्यानं बाजारात येनंच सोडलं."

इतकी वर्षं जे हवं होतं ते असं कंगव्यांच्या ढिगाऱ्यातून माझ्या हातात आलं, आणि तेही तुम्ही मला जिथे येऊ देत नव्हता तिथे आल्यावर. म्हणून ओरडला होतात. म्हणून जाम. त्याच फाट्यावर, गाडी थांबते तिथे. ती बाई कधीतरी परत उतरेल असं वाटत होतं का? की एखाद्याच्या हातातून अर्धं पुस्तक जाऊ नये, एवढंच? की खरोखर फक्त बापाची जागा होती, आणि मीच आता गोष्ट जुळवते आहे? बाजारातली माणसं गोष्टी वाढवून सांगतात, हे मलाही कळतं.

"कोणतं पुस्तक होतं?" मी दौलतरावांना विचारलं.

"मले काय मालूम पोरी. लाल पुठ्ठ्याचं होतं." थोडं थांबून, "का निळ्या."

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले. त्या अंगणात तूर निवडत होत्या. काकूंशी माझं बोलणं नेहमी डबा, चहा, तब्येत एवढंच. मी सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, हात चालू होता. 'शेवटी काय होते'वर त्यांचा हात थांबला.

"अगं माय," त्या म्हणाल्या. "लग्न झालं तवा आमी दोघं गिरडच्या बाजारात गेलतो. सारे लोकं आमाले पाहून हासत अन् म्हणत, काय वसंता, शेवटी काय होते? मले वाटलं, नवरानवरीले चिडवून राह्यले! मी लाजून चूर. घरी येऊन यायले इचारलं, असं काऊन म्हणतात लोकं? तं हे म्हणाले, काई नाई, बाजारातले लोकं वाह्यात असतात." त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या. मग रडतही होत्या. "मी येडी, एवढी वर्सं लाजत राह्यली."

मी त्यांच्याजवळ बसून तूर निवडू लागले. निवडता निवडता त्यांनी विचारलं, पुढचा बाजार कुठला? मी म्हटलं, अल्लीपूर, माझ्या माहेरचा.

"मी येऊ का तुह्यासंगं?"

मनोजभाऊ घरातच होते. ते बाहेर येऊन म्हणाले, आई, बाबाले जाऊन दिवस किती झाले, लोकं काय म्हणतीन? काकू सूप पाखडत म्हणाल्या, "लोकायनं आधीच लय म्हटलं. आता आणखी काय म्हणतीन?"

शनिवारी आपण, म्हणजे मी, दुकानाचं शटर शेवटचं ओढलं. पंक्चरवाल्यानं 'फुरसत'ची पाटी उतरवायला मदत केली. ती माझ्याकडे आहे. जागा एका मोबाईलवाल्यानं घेतली, बरा माणूस वाटतो, आल्या आल्या माठ कुठे ठेवायचा ते विचारत होता. मला वाटलं होतं मी खूप रडेन. पण टेम्पोत पुस्तकं चढवायची होती, दोऱ्या आवळायच्या होत्या, आणि वाटेवर सारखं डोक्यात फिरत होतं, या सगळ्या पुस्तकांत ते एक असेल का? तुम्ही इतकी वर्षं माल मागवला, चाळला, लावला. सापडलं होतं का तुम्हाला ते? वाचलंत का पुढचं? की नावच विसरला होतात?

काकाजी, तुमचे आभार मानायचे म्हणून हे लिहायला बसले होते आणि नुसते प्रश्नच विचारले. तुम्ही मला दुसरं काही शिकवलंच नाहीत. खुर्चीबद्दल आभार. चटणीबद्दल. एका घरात बसलेल्या बाईला गाडीत बसवून पुलावरून जग पाहायला पाठवलंत, त्याबद्दल.

अल्लीपूरला काकू आल्या. पांढरी साडी, डोक्यावर पदर, टेबलामागे स्टुलावर चुपचाप बसून होत्या. माझ्या आईनं त्यांच्यासाठी चहा आणला. शेजारी भाजीवाले ओरडत होते, आमच्याकडे कोणी फिरकेना. तासभर त्यांनी पाहिलं. मग उठल्या, पदर कमरेला खोचला, एक पुस्तक उचलून हवेत धरलं आणि अशी हाक दिली, "या वो माय, या! पाहाचे पैसे नाई, चाळाचे पैसे नाई, घेतलं तंच पैसे! या!"

मेथीवाली बोलायची थांबली. पलीकडच्या ओळीतली माणसं वळून पाहू लागली. माझी आई कप हातात धरून तशीच उभी. दोन बाया आल्या, मग एक मास्तर, मग टेबलाभोवती मला हात हलवायला जागा राहिली नाही, आणि काकू एकेकाला विचारत होत्या, "कोणासाठी घेता, काऊन घेता, सांगा तं खरं."

काकाजी, काकूंचा आवाज एवढा मोठा आहे, हे तुम्हाला माहीत होतं का?